आबा कुणाकडं बघून हसत्यात?

आमच्या मालकांना फ्रेंचमधलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि हे ते छाती काढून सांगायचे. "मला फ्रेंच येत न्हाय मादाम. मला फ्रेंच चित्र येतं." समोर नगरसेविका असो की शेरडं राखणारी म्हातारी, बाई दिसली की ती मादाम. मी त्यांच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसायचे, म्हणून मीही मादामच, फक्त अरेतुरेतली. "ए मादाम, त्या साहेबाचं नाक जरा बारीक कर." सगळी बारामती त्यांना पॅरिसवाला म्हणायची. पॅरिस सोडा हो, हा माणूस पुण्यालासुद्धा नाइलाज झाला तरच जायचा.

दुकान फ्लेक्सचं. भिगवण रस्त्याला शटरचा एक गाळा, आत फ्लेक्स छापायचं लांबलचक मशीन आणि डोकं उठवणारा शाईचा वास. वाढदिवस, निवड, दहावा, पुण्यस्मरण, बैलगाडा शर्यत, काहीही असो, बारामती-इंदापुरात माणूस जन्मतो, निवडून येतो आणि मरतो तो आधी फ्लेक्सवर. आम्ही तो छापायचो.

गल्ल्यामागं एक लोखंडी कपाट होतं. दुसऱ्या कुणी त्यात नोटा नाहीतर देव ठेवले असते, मालकांनी मासिकं ठेवली होती. त्यांचं लहानपण वालचंदनगरच्या चाळीत गेलं. कसलंतरी मोठं मशीन बसवायला एक फ्रेंच इंजिनिअर बायकोपोरांसकट आला होता आणि मालकांची आई त्यांच्या घरी स्वयंपाक करायची. जाताना मडमेनं घर वाटून टाकलं. थोरल्या भावानं इस्त्री उचलली, बहिणीनं पडदे, आणि हे ध्यान मासिकांचे गठ्ठे डोक्यावर घेऊन घरी आलं. "आईनं चुलीत घालायला काढले हुते," मालक सांगायचे, "मी दोन दिस जेवलो न्हाय. मग तिनं नाद सोडला."

मासिकाला हात लावायचा तर आधी साबणानं हात धुवायचे, ते रुमालाला न पुसता वाऱ्यावर वाळवायचे, मग पान उलटायचं, तेही वरच्या कोपऱ्याला धरून. मी पहिल्याच आठवड्यात भेळ खाता खाता एक अंक ओढला, तर माणूस असा ओरडला की बाहेरचा रिक्षावाला आत डोकावला. मी म्हटलं, "मालक, नोकरी सोडते, पण ओरडायचं काम नाही." तर लगेच विरघळले. "तसं न्हाय मादाम. तिखटाचं बोट सुमनच्या तोंडाला लागलं असतं."

सुमन म्हणजे त्या मासिकातली बाई. त्यात दोन तऱ्हेचे अंक होते. एक मोठाले, पानभर फोटोंचे. चिखलात पडलेला सायकलवाला, खाणीतून वर येणारे काळेठिक्कर मजूर, असले. दुसरे पातळ, त्यांत फोटोंची गोष्ट असायची. काढलेली चित्रं नव्हेत, खऱ्या माणसांचे फोटो. एक चौकट, दुसरी चौकट, तोंडाजवळ पांढरा फुगा आणि फुग्यात बोलणं. डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई होती, तिचं नाव मालकांनी सुमन ठेवलं होतं. स्कूटरवाला देखणा गडी म्हणजे सुमनचा दीर. गिऱ्हाईक नसलं की मालक मला सुमनची गोष्ट सांगायचे. नवरा वारलाय, दिराच्या मनात पाप आलंय, सासू सगळं ओळखून आहे. असं सांगायचे की माझ्या हातातला माऊस थांबायचा.

एकदा मी आगाऊपणा केला. फोन त्या पानावर धरला की अक्षरांचं मराठी होऊन दिसतं, तसं केलं. ज्या चौकटीत सुमन खिडकीशी उभी राहून रडते, तिथल्या फुग्यात निघालं, "दातांच्या डॉक्टरकडे माझी वेळ चारची आहे." मी हसून हसून खुर्चीतून खाली यायची बाकी होते. मालक मात्र भडकले. "त्या फोनला काय कळतंय? तोंड बघ तिचं! ह्ये दातदुखीचं रडणं हाय व्हय?" आणि खरंच, तोंड बघितलं तर नव्हतं. मी फोन खिशात घातला.

त्यांचं सगळं शास्त्र एका वाक्यात मावायचं. कोण कुणाकडं बघतंय? "हिकडं बघ. सुमन दाराकडं बघती, म्हणून आपण बी दाराकडं बघतो, म्हणून फुडच्या चौकटीत दार उघडतं. डोळा गोष्ट वढत नेतो मादाम. जो सरळ आपल्याकडं बघतो त्याला गोष्ट न्हाय. त्याला नुसतं थोबाड." आणि पोट कशावर भरायचं, तर थोबाडांवर! गॉगल लावलेली, हात जोडलेली, सरळ आपल्याकडं बघणारी शंभर थोबाडं. ज्याची ऐपत मोठी त्याचं डोकं मोठं, शुभेच्छुक खाली तिकिटाएवढे. मालक दिवसभर माझ्याकडून डोकी कापून, चिकटवून घ्यायचे आणि पुटपुटायचे, "गोष्ट न्हाय, गोष्ट न्हाय."

एक नेम मात्र त्यांनी पाळला होता. पुढारी किती का कापेनात, पण घरच्या फोटोतला माणूस कापायचा नाही. लग्नानंतर भांडण झालेले दीर-भावजय यायचे, सोडचिठ्ठी झालेले यायचे. "दुसरा फोटो आणा," म्हणून मालक त्यांना वाटेला लावायचे. ह्याला मी त्यांची तत्त्वनिष्ठा वगैरे समजत होते. पण तत्त्वाचा कस लागतो तो समोर कोण उभं आहे त्यावर, आणि आमचे मालक पक्के भित्रे. स्वतःच म्हणायचे, "मी भित्रा हाय, म्हणून तर चित्रं बघत बसलो. चित्रातला माणूस मारत न्हाय."

तो गडी आला तेव्हा दुपार होती. इंदापूर तालुक्यातला, कालव्याकडच्या गावचा, उसाचा मोठा बागायतदार, दारातून आत यायला वाकावं लागेल एवढा. वडिलांचं पहिलं पुण्यस्मरण होतं. त्यानं फोनमधला फोटो पुढं केला. अंगणात बाज, बाजेवर आबा, शेजारी तिशीतली लेक. मागं हा स्वतः आणि त्याची आई. लेक काहीतरी सांगतेय, आबांनी मान तिच्याकडं वळवलीय आणि तोंडभरून हसतायत. मालक फोटोवर इतके वाकले की नाक काचेला लागलं. "काय फोटो हाय! काय फोटो हाय! कुणी काढला?"

"काढला कुणीतरी. आबा ह्या एकाच फोटोत हसल्यात, बाकी सगळ्यात आधार कार्डावानी दिसत्यात. ह्योच घ्या. फकस्त ती बाजेवरची बाई काढा."

"कोण हाय ती?"

"बहीण."

मालकांनी आवाज खाली आणला. "वारली?"

"जिती हाय. भिगवणला. सही देत न्हाय."

आमच्याकडं एवढं सांगितलं की पुढचं सांगावं लागत नाही. बाप गेला की लेकीनं निबंधक कचेरीत जाऊन हक्कसोडावर सही करायची, जमिनीतला वाटा भावाला सोडायचा, साडी घ्यायची आणि माहेर राखायचं. हिनं सही केली नव्हती. म्हणून तिचं माहेर वर्षभर बंद होतं, आणि आता ती फोटोतूनही जाणार होती.

"घरातला माणूस मी कापत न्हाय," मालक म्हणाले. पण म्हणाले ते टेबलाकडं बघून.

गड्यानं दोन्ही पंजे काउंटरवर टेकले. "तुमचं शास्त्र तुमच्यापाशी ठेवा. गावात पन्नास फ्लेक्स तुमच्याकडनं जात्यात. एक फोन केला तर एक बी येणार न्हाय. आणि दुकान हितंच हाय न्हवं? कुठं जातंय?" त्यानं छताकडं, मशीनकडं, मग माझ्याकडं बघितलं. मालकांनी घसा खाकरला आणि मला म्हणाले, "मादाम, ऊठ. मी बसतो."

चार वर्षांत ते माझ्या खुर्चीत पहिल्यांदाच बसले. बहिणीला त्यांनी कापलं. असा माणूस कापला की उरलेले जवळ सरकवायचे असतात, शाळेतल्या पोरालाही हे कळतं. मालकांनी कुणालाच सरकवलं नाही. ती बसली होती तिथं बाजेची सुतळी ते दोरा दोरा जोडून विणत बसले. आबा होते तिथंच राहिले, मान वळलेली, तोंडभर हसणं, आणि समोर रिकामी बाज.

मला कळलं. मी टेबलाखालून त्यांच्या पायाला पाय लावला, पण त्यांनी ढिम्म लक्ष दिलं नाही. पडदा गड्याकडं फिरवला. "बघा पाटील. बरं हाय?"

आता आमच्या धंद्यातलं एक सांगते. गिऱ्हाईक फ्लेक्स कधीच बघत नाही, ते फ्लेक्सवरचा स्वतःचा फोटो बघतं. ह्यानंही तेच केलं. "मला जरा गोरा करा. आणि नाव जाड टाका." गोरा केला, नाव जाड टाकलं. तो गेल्यावर मालक हात चोळत म्हणाले, "आता गाव बोलंल बघ. ह्याला म्हंत्यात फ्रेंच."

गाव बोललं. फ्लेक्स चौकात लागला आणि दुसऱ्या दिवशी तो ज्याच्या त्याच्या स्टेटसला होता. खाली एकच प्रश्न, आबा कुणाकडं बघून हसत्यात? कुणी लिहिलं, यमाकडं. कुणी लिहिलं, भिगवणकडं. मालक मला एकेक वाचून दाखवायला लावायचे आणि कपाटावर हात आपटायचे. मग गड्याचा फोन आला. मालकांनी फोन कानापासून लांब धरला तरी मला ऐकू आलं. "उद्याचा कार्यक्रम उरकू दे. परवा मी दुकानात येतो. मशीन बी ठेवत न्हाय आणि तुला बी."

मालकांनी शटर अर्ध्यावर ओढलं. पाणी प्यायले, पुन्हा प्यायले. मी म्हटलं, "पोलिसांत जाऊया." तर म्हणाले, "काय सांगायचं? आबा बाजेकडं बघत्यात म्हणून?" तेवढ्यात शटर कुणीतरी खाडकन वर केलं. मालक चक्क मशीनमागं गेले.

बाई होती. फोटोतलीच. नववारी नव्हे, साधी सहावारी, पदर कमरेला खोचलेला, अंगाला मासळीचा वास. भिगवणला हमरस्त्याला तिची मच्छीची खानावळ होती आणि ती हातातलं काम टाकून आली होती. मालक मशीनमागून बाहेर आले, चेहऱ्यावर हसू आणून. त्यांना वाटलं, आभार मानायला आली. मलाही तसंच वाटलं.

"मला कापलं ते तुमीच का?"

"व्हय मादाम, पर जागा ठेवली. तुमची जागा—"

"कुणाला इचारून ठेवली?" तिचा आवाज चढला नाही, त्यानंच जास्त भीती वाटली. "सकाळपासनं खानावळीत जो यील त्यो माझ्याकडं कीव केल्यासारखा बघतोय. ड्रायव्हर लोक इचारत्यात, तुमीच का त्या? वरीसभर भाऊ भांडला, मी भांडले. तवा मी बहीण तरी हुते. आता गावाला मी मोकळी बाज झाले. तुमाला न्हाय म्हणता येत नव्हतं?"

मालक एक पाऊल मागं, मशीनकडं सरकले.

"भ्यालासा," ती म्हणाली. "भ्यालासा त्ये ठीक हाय, मी बी भिते. पण भ्यायचं आणि वर शहाणपण बी मिरवायचं? तुमची गोष्ट झाली आणि माझा बाप गेला माझा."

इतकं लागेलसं मी त्यांना कधी बोलले नसते आणि दुसऱ्या कुणी बोललेलं मला खपलंही नसतं. पण तिचं अक्षरन्‌अक्षर खरं होतं. मालक स्टुलावर बसले. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी पुसलंही नाही. मग म्हणाले, "चुकलं मादाम. अख्खा फोटो हाय माझ्याकडं. छापतो आणि उद्या मी सोता जाऊन लावतो."

"बघा! पुन्यांदा तेच. मला न इचारता कापलं, आता मला न इचारता चिकटवणार."

"मग इचारतो," मालक उभे राहिले. "लावू?"

तिनं विचार केला. "मी लावीन. मला आवतान न्हाय, पण बाप माझा बी हाय. तुमी शिडी धरा."

दुसऱ्या दिवशी टेम्पोत शिडी, फ्लेक्स, मालक आणि मी. ती पुढं स्कूटीवर. वाटेत मालकांनी तीनदा टेम्पो थांबवला, लघवीला. मी म्हटलं, "मालक, परत फिरायचं असेल तर आत्ताच सांगा." ते म्हणाले, "फिरायचं लय मनात हाय. पर तू फिरू दिऊ नगंस."

चौकात मांडव पडला होता. कीर्तन चालू होतं, बाया एकीकडं, पागोटी एकीकडं. आम्ही जुन्या फ्लेक्सखाली शिडी लावली तशी टाळ थबकले. ती कुणाकडं न बघता वर चढली. मालकांनी शिडीचे दोन्ही पाय मिठीत धरले. मी खालून फ्लेक्स सरकवत होते, ती वर एकेका रिंगेत दोरी ओवत होती. आधी आबांचं तोंड आलं, मग हळूहळू ती स्वतः. फोटोतली ती आणि शिडीवरची ती शेजारी शेजारी.

भाऊ मांडवामागून आला. नारळ सोलत होता, हातात कोयता तसाच. "उतर खाली."

ती गाठ मारत राहिली.

"ए पॅरिस! सोड शिडी."

मालकांचे पाय लटलटत होते. त्या कापऱ्यानं शिडी खालपासून वरपर्यंत थरथरत होती. मला वाटलं, सोडणार. पळत जाऊन टेम्पोत बसणार. तर ते म्हणाले, "न्हाय सोडत."

"तुझा काय संबंध रं आमच्या घराशी?"

"मी कापलीय तिला," मालक म्हणाले. "माझाच संबंध हाय."

भावानं पाऊल पुढं टाकलं. एक पागोटंवाला उठला आणि पुन्हा बसला. तेवढ्यात बायांतून आई आली. पांढरं कपाळ, वाकलेली, वर्षभरात लेकीचं नाव तोंडातून न काढलेली. ती पोराच्या पुढ्यातून गेली आणि शिडीचा एक पाय दोन्ही हातांनी धरला.

आणि नेमकी तेव्हाच लेकीच्या हातून दोरी निसटली. शेवटची, तिच्याच बाजूच्या कोपऱ्याची. पडली ती भावाच्या पायांपाशी. वारं सुटलेलं, फ्लेक्सचा तो कोपरा फडफड फडफड आपटायला लागला. मी वाकणार होते, पण तिनं वरूनच मला हातानं थांबवलं.

"दादा," ती म्हणाली, "दोरी दे."

भाऊ बघत राहिला. मग त्यानं कोयता डाव्या हातात घेतला, वाकला, दोरी उचलली आणि हात उंच करून वर दिली. "गाठ घट मार," म्हणाला, "वारं लय हाय." आणि नारळांकडं निघून गेला.

ती जेवायला थांबली नाही. खानावळीची गर्दीची वेळ होती. आईच्या पायाला हात लावला, स्कूटी चालू केली आणि गेली. सही तिनं त्या दिवशी केली नाही, अजूनही केलेली नाही.

परत येताना मालक टेम्पोतून बाहेर बघत बसले होते. मला वाटलं, मनात त्या चौकटी लावत असतील. आता आयुष्यभर ही गोष्ट ह्यांच्याकडून ऐकायची, अशी मी तयारी केली. बारामतीचा फाटा आला तसे ते हळूच म्हणाले,

"मादाम, शिडीला दुसरा हात लागला त्यो कुणाचा हुता?"

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. "तुम्ही तिथंच तर होता की मालक!"

"मी डोळे मिटून घेतले हुते," ते म्हणाले. "पयल्यापासनं मिटले हुते. आता तू सांग. सावकाश सांग."